कुटुंबासाठी कॅनव्हासचा तंबू निवडताना

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी किंवा दिवेआगरच्या किनाऱ्यावर मुलाबाळांसह दोन-तीन रात्री काढण्याची सवय एकदा लागली, की भाड्याने मिळणाऱ्या घुमटाकार नायलॉनच्या तंबूंचा कंटाळा येऊ लागतो. त्यांत ताठ उभे राहता येत नाही, सकाळी आठ वाजल्यापासून आत उकडू लागते आणि पहाटे छतावरून दवाचे थेंब अंथरुणावर पडतात. अशा वेळी सुती कॅनव्हासचा, म्हणजे जुन्या राहुटीच्या कापडाचा, स्वतःचा तंबू घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. तो घेण्यापूर्वी बहुतेक जण तंबू कुठे लावायचा याचा विचार करतात. मला मात्र परत आल्यावर तो कुठे वाळवणार, हा प्रश्न आधी विचारावासा वाटतो, कारण कोणता तंबू घ्यावा याचे निम्मे उत्तर त्यातच मिळते.

सुती कापड पाणी धरून ठेवते. ओला कॅनव्हास गुंडाळून ठेवला, तर आपल्याकडच्या दमट हवेत एक-दोन दिवसांत त्याला बुरशी लागते, तिचे काळे ठिपके धुऊन जात नाहीत आणि पुढे त्या जागी कापड कुजून फाटते. आमचा पहिला तंबू असाच गेला. जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला गेलो असताना वळवाच्या सरीत तो भिजला, रविवारी रात्री उशिरा पुण्याला पोहोचलो, सोमवारी कामावर जायचे म्हणून तंबू पिशवीसकट माळ्यावर टाकला आणि दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर तीळ पसरल्यासारखे डाग होते. दोष पूर्णपणे आमचा होता.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी थोडे गणित करावे. मधोमध एक खांब असलेला, शंकूच्या छताचा ‘बेल टेंट’ कुटुंबांसाठी बरेच जण घेतात. त्याचा व्यास ४ मीटर, भिंत ६० सेंटिमीटर आणि मधली उंची अडीच मीटर धरली, तर नुसते छत आणि भिंती मिळून सुमारे २५ चौरस मीटर, म्हणजे २७० चौरस फूट कापड होते. व्यास ५ मीटर आणि उंची ३ मीटर असेल, तर हाच आकडा ३९५ चौरस फुटांच्या आसपास जातो. मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांचे अख्खे घर एवढे असते. इमारतीची गच्ची वापरता येत असेल किंवा गावी अंगण असेल, तर मोठा तंबू जरूर घ्यावा. फक्त बाल्कनी आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या असतील, तर ४ मीटरच्या पुढे जाऊ नये, आणि ज्याची जमिनीची ताडपत्री चेन उघडून वेगळी काढता येते असाच तंबू निवडावा. ताडपत्री पुसून घेता येते आणि वेगळे झालेले कापड दोन माणसांना दोरीवर टाकता येते. तळ शिवून जोडलेला असेल, तर त्याच्या कडेच्या शिवणीत पाणी साचते आणि बुरशीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

घर पाहून झाले की गाडी पाहावी. ४ मीटरचा बेल टेंट खांब, खुंट्या आणि ताडपत्रीसह साधारण २० किलोंच्या पुढेच जातो, ५ मीटरचा ३० किलोंच्या घरात पोहोचतो, आणि त्याचे गाठोडे मीटरभर लांब असते. आपल्या गाडीच्या डिकीची रुंदी मोजून मगच पुढचे बोलावे, कारण चार माणसांचे अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि पाण्याचे कॅनही तिथेच मावायचे असतात. गाडी जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच हा तंबू जातो, त्यामुळे हरिश्चंद्रगडावर पाठीवरून नेण्यासाठी तो नाही. सैन्यात किंवा आपत्तीच्या वेळी वापरतात तसला दुहेरी छताचा मोठा तंबू जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो म्हणून काही जण हौसेने घेतात. तो उन्हात खरोखर थंड राहतो, परंतु टेंपोशिवाय हलत नाही.

आता कापड. त्याचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, असे सांगतात आणि विक्रेते ते ‘जीएसएम’ म्हणून लिहितात. जुने व्यापारी अजूनही दर चौरस वाराला (यार्डाला) किती औंस, असे बोलतात, तेव्हा त्यांचा एक औंस म्हणजे साधारण ३४ जीएसएम हा हिशेब लक्षात ठेवावा. ८ औंसांचे कापड सुमारे २७० आणि १० औंसांचे ३४० जीएसएम भरते. कौटुंबिक सहलींसाठी २७० ते ३२० यांच्या दरम्यानचे कापड मला योग्य वाटते. त्याहून पातळ कापड वाऱ्यात फडफडून लवकर झिजते, आणि ३५० च्या पुढचे कापड वर्षभर एका जागी उभ्या असलेल्या रिसॉर्टच्या तंबूला शोभते. शंभर टक्के सुती कापड हवा चांगली खेळवते. सूत आणि पॉलिएस्टर यांचे मिश्र कापड तुलनेने हलके असते, कमी आकसते आणि लवकर वाळते, म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी त्याचा विचार आधी करावा.

कॅनव्हास म्हणून नेमके काय दिले जात आहे, हे तपासणे अवघड नाही. कापडाच्या कडेचा एक सुटा धागा मागून घ्यावा आणि दुकानाबाहेर जाऊन काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो, आणि मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. त्यानंतर कापडाला तोंड लावून जोरात फुंकर घालावी. हवा किंचित तरी आरपार गेली पाहिजे. मुळीच जात नसेल आणि कापडाची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत असेल, तर ती प्लास्टिकचा थर दिलेली ताडपत्री समजावी. तिच्यातून पाणी येत नाही हे खरे, पण चार माणसांच्या श्वासातली वाफही बाहेर जात नाही, आणि ज्या त्रासाला कंटाळून आपण नायलॉन सोडले तोच पुन्हा वाट्याला येतो. शेवटी नमुन्याच्या तुकड्याची वाटी करून तीत पेलाभर पाणी ओतावे आणि खाली कागद धरावा. चांगल्या कापडाला बाहेरून दमटपणा येईल, परंतु कागदावर थेंब पडणार नाहीत.

सुती कॅनव्हास पावसाला तोंड देतो त्याचे कारण असे, की भिजल्यावर सुताचे तंतू फुगतात आणि विणीतली छिद्रे बुजतात. नव्या तंबूत शिवणीच्या सुईची छिद्रे मात्र धाग्यापेक्षा थोडी मोठी असतात. त्यासाठी पहिल्या सहलीपूर्वी तंबू गच्चीवर किंवा मैदानात उभा करावा, नळीने पूर्ण भिजवावा, कडकडीत वाळू द्यावा आणि हे दोन-तीन वेळा करावे, म्हणजे धागे फुगून शिवणी बसतात. ही पायरी गाळून पहिल्याच पावसात शिवणी गळाल्या म्हणून तंबू परत करणारे लोक मी पाहिले आहेत. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावू नये किंवा गादी टेकवू नये, कारण तिथून पाणी झिरपू लागते. मुलांना ही गोष्ट आधीच बजावून ठेवावी.

आकाराच्या बाबतीत ‘सहा जणांचा’, ‘आठ जणांचा’ या लेबलांवर विसंबू नये. हे आकडे खांद्याला खांदा लावून झोपलेल्या माणसांचे असतात आणि त्यांत सामानाला जागा धरलेली नसते. आईवडील आणि दोन मुले यांच्या अंथरुणाला साधारण ३ मीटर रुंदी आणि २ मीटर लांबी लागते. ती जुन्या चादरीने घरात जमिनीवर आखावी आणि तिच्याभोवती पिशव्या, चपला व रात्री उठून चालण्याची वाट ठेवून पाहावी. बेल टेंटमध्ये कडेची भिंत कमरेखाली असल्यामुळे गोलाच्या काठाची जागा सामानापुरतीच उपयोगी पडते, तेव्हा ४ मीटरचा तंबू चौघांना बेताचा आणि पाच जणांना अपुरा होतो. आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर उभ्या भिंतींचा, चौकटीवर उभा राहणारा खोलीसारखा तंबू बरा, कारण त्यात वाकावे लागत नाही आणि अंगाखाली घडीची खाट घालता येते. वाऱ्यापुढे मात्र गोल तंबू अधिक टिकतो आणि उभाही लवकर होतो. एक जाणकार माणूस आणि एक उत्साही मूल असले, तर अर्ध्या तासात काम संपते.

शिवण, चेन आणि खिडक्या हात लावूनच पाहाव्यात. छताच्या जोडांवर कापड दुमडून दोन समांतर शिवणी घातलेल्या असाव्यात, आणि तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, बांधायच्या कड्यांपाशी कापडाचा जादा थर असावा, कारण वाऱ्याचा सगळा ओढा तिथे येतो. चेन दहा वेळा उघडून-लावून पाहावी. कोकणच्या खाऱ्या हवेत धातूची चेन गंजते, म्हणून किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी जाड प्लास्टिकची घ्यावी. प्रत्येक खिडकीला आणि दाराला मच्छरदाणीची जाळी हवी. भिंती गुंडाळून वर बांधता येत असतील तर फारच उत्तम, कारण फेब्रुवारीनंतर दुपारी त्याखेरीज आत बसवत नाही.

तंबूबरोबर येणाऱ्या खुंट्या बहुधा निरुपयोगी असतात. सह्याद्रीत वीतभर मातीखाली कातळ लागतो आणि बारीक खुंट्या वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून १० किंवा १२ मिलिमीटरची बांधकामाची सळई आणून तिचे फूट-सव्वा फुटाचे तुकडे करून घ्यावेत, वरचे टोक वाकवून घ्यावे आणि दोन किलोंचा घण बरोबर ठेवावा. जिथे सळईही जात नाही, तिथे तणावा मोठ्या दगडाला बांधावा. वाळूत याच्या उलट अडचण येते, कोणतीही खुंटी धरत नाही, म्हणून रिकाम्या गोणपाटात वाळू भरून त्याला दोर बांधावा आणि ते हात-दीड हात खोल पुरावे. तणावे सुती असतील, तर भिजल्यावर ते आकसतात, तेव्हा पावसाची चिन्हे दिसताच थोडे सैल करावेत, नाहीतर खुंटी उपटते किंवा कडे फाटते. किनाऱ्यावर नारळाच्या झाडाखाली तंबू लावू नये, हे सांगायची गरज पडू नये, पण दर हिवाळ्यात कोणीतरी लावतेच.

ऋतूचे बोलायचे तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस कॅनव्हासचे. मेअखेरीस काजव्यांसाठी जाणाऱ्यांनी वळीव गृहीत धरावा आणि परतल्यावरचा एक दिवस वाळवणीसाठी राखून ठेवावा. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हा तंबू नेऊच नये, कारण तिथे तो आठवडाभर वाळत नाही. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे जागा ठरवताना वनखात्याचे नियम आधी पाहणे आवश्यक आहे.

जाड कापड थंडी अडवते म्हणून काही जण आत शेगडी पेटवतात. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि बंद तंबूत झोपेतच माणसे दगावतात. थंडीसाठी गोधड्या घ्याव्यात. कापडावर आग न पसरण्याची प्रक्रिया केली आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे, पण असली तरी चूल तंबूपासून दहा-बारा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला मांडावी, म्हणजे ठिणग्या कापडाकडे येणार नाहीत.

तंबू साबणाने धुऊ नये. साबणाने पाणी रोखणारी प्रक्रिया निघून जाते, म्हणून वाळलेला चिखल मऊ ब्रशने झाडून साध्या पाण्याने पुसणे पुरेसे असते. पूर्ण वाळल्यावर, शिवणींना हात लावून खात्री करून, तो प्लास्टिकऐवजी सुती पिशवीत ठेवावा, दिवाळीआधीच्या उन्हात एकदा उघडून हवा द्यावी, आणि घडी घालण्यापूर्वी कोपऱ्यांतून बिस्किटांचे तुकडे व शेंगदाणे झटकून काढावेत, म्हणजे उंदीर फिरकत नाहीत.