खाऱ्या वाऱ्यातली जुनी हॅचबॅक: घरच्या घरी दुरुस्ती आणि सुधारणा

किनाऱ्यालगतच्या गावात जुनी हॅचबॅक विकत घ्यायची किंवा घरचीच पुन्हा उभी करायची झाली, तर बहुतेक जण आधी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतात. माझ्या मते सुरुवात गाडीखाली आडवे होऊन, पत्रा पाहून करावी. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, आणि तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरी इंजिनाचे सुटे भाग चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे आजही मिळतात. इंजिन उघडता येते, प्रसंगी दुसरे बसवता येते. पण अशा गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असतो, आणि तो आतून कुजला असेल तर इंजिनावर केलेला खर्च वाया जातो. माझी १९९७ ची गाडी मी आधी रंगवून घेतली आणि पत्र्याकडे नंतर पाहिले. दुसरा पावसाळा संपेपर्यंत दारांच्या खालच्या कडेला रंगाचे फोड आले, आणि खरवडल्यावर दिसले की रंगाऱ्याने गंजावरच पुट्टी थापली होती. पुढे सांगितलेला क्रम त्या चुकीतून ठरलेला आहे.

काम दिवाळीच्या सुमारास सुरू करावे आणि मिरगाच्या आधी संपवावे. पावसाळ्यात उघडा पत्रा सकाळी घासला तर संध्याकाळपर्यंत त्यावर तांबूस थर येतो, म्हणून पत्र्याचे आणि प्रायमरचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या त्यातल्या त्यात कोरड्या महिन्यांत उरकावे. ब्रेक, वायरिंग, इंजिन ही कामे मार्च-एप्रिलसाठी ठेवता येतात. जागा छपराखालची हवी. अंगणातला मांडव चालतो, पण जमीन सारवलेली किंवा मातीची असेल तर जॅक आणि घोड्या (उचललेली गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी स्टँड) यांच्याखाली जाड फळ्या घालाव्यात, कारण भार आल्यावर घोडीचे पाय जमिनीत रुततात आणि गाडी तिरकी होते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासाठीसुद्धा, जाऊ नये.

तपासणीसाठी बोथट स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी आणि विजेरी पुरे. आतले गालिचे आणि त्याखालचा नमदा काढून टाकावा. तो ओला असेल तर खालचा पत्रा गेला आहे असे समजूनच पुढे पाहावे. मग फूटबोर्ड (दारांखालची बॉडीची पोकळ पट्टी), मागच्या चाकांच्या कमानी, दारांची तळकड, बॅटरीखालची जागा, स्टेपनीची खोलगट जागा आणि पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचा माथा जिथे बॉडीला जोडलेला असतो तो भाग हातोडीने हलके ठोकून पाहावा. निरोगी पत्रा टणक वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. शॉकअॅब्सॉर्बरच्या माथ्याशी पत्रा खचलेला असेल आणि तुमच्याजवळ कुशल वेल्डर नसेल, तर ती गाडी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. पुढच्या काचेखालची जाळी हमखास उघडून पाहावी: आमच्याकडे तिच्या आत आंब्याची पाने आणि काजूचा मोहोर साचून पाण्याच्या वाटा बुजतात, आणि तिथले पाणी थेट चालकाच्या पायाशी उतरते. हॅचबॅकची आणखी एक खोड म्हणजे डिकीच्या दाराचे रबर कडक होऊन पाणी स्टेपनीच्या जागेत झिरपते आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

गंज काढणे म्हणजे केवळ घासणे नाही, ही गोष्ट किनाऱ्यावर नीट समजून घ्यावी लागते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, आणि गंजाने पत्र्यात पडलेल्या बारीक खळग्यांत ते बसून राहते; वरून पत्रा पांढरा चमकू लागला तरी खळग्यातले मीठ तिथेच असते आणि रंगाखाली गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने घासून झाल्यावर तो भाग विहिरीच्या गोड्या पाण्याने ब्रश मारत तीन-चार वेळा धुवावा, हॉट एअर गनने पूर्ण वाळवावा, आणि त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. विहीर समुद्राजवळ असून एप्रिलनंतर तिचे पाणी मचूळ होत असेल तर साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरावे. फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण वरवरच्या गंजाला उपयोगी पडते, मात्र ते धुऊन, वाळवूनच इपॉक्सी लावावा. आम्लाचा अंश राहिला तर प्रायमर नीट पकडत नाही. बोल्ट, बिजागऱ्या असे सुटे लहान भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतले की स्वच्छ होतात. घरात तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने लखलखतात, म्हणून बोल्ट आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, टाकण्याचा मोह होतो. आगळात मीठ असते. तो मोह आवरावा.

भोक पडलेल्या जागी फायबर किंवा पुट्टी भरू नये. निरोगी पत्रा लागेपर्यंत कुजलेला भाग कापून, सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीच्या नव्या पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने बसवावे. हे काम घरी करायचे असेल तर सीओटू वेल्डिंगचे यंत्र जाणणारा माणूस बोलवावा. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली तर तो वाकतो, त्यामुळे एकमेकांपासून दूर ठिपके देत, मध्ये थंड होऊ देत पुढे सरकावे लागते. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी, आतील सीट-गालिचे काढावेत आणि पाण्याची बादली हाताशी ठेवावी. फूटबोर्ड बदलताना दारे लावलेलीच ठेवून, त्यांच्या फटी आधी मोजून, एका वेळी एकच बाजू कापावी. दोन्ही बाजू एकदम कापल्या तर बॉडी खचून नंतर दारे लागत नाहीत.

पुट्टी इपॉक्सी प्रायमरच्या वर लावावी, उघड्या पत्र्यावर लावू नये. ती सच्छिद्र असल्यामुळे पाणी शोषते, म्हणून तिचे पाणीकाम टाळून कोरडा पॉलिश पेपर वापरावा. शेवटचा रंग मात्र घरी मारू नये, असे माझे मत आहे. दोन घटकांच्या आधुनिक रंगातले आयसोसायनेट श्वासातून जाणे धोक्याचे असते, साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि अंगणात रेतीचे कण ओल्या रंगावर बसतात ते वेगळेच. गाडी प्रायमरमध्ये तयार करून बूथ असलेल्या ठिकाणी न्यावी आणि रंग आरसी बुकात लिहिलेलाच ठेवावा. बदलायचा असल्यास त्याची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते.

रंगानंतर फूटबोर्ड, दारे आणि बॉडीच्या पोकळ्या यांच्या आत नळीने मेणयुक्त द्रावण फवारावे, पण पाणी निघून जाण्याची भोके बुजू देऊ नयेत. आपल्याकडे त्याऐवजी जळके इंजिन ऑइल मारण्याची जुनी पद्धत आहे. त्याने रबरी बुश फुगतात आणि ठिबकलेले तेल विहिरीकडे उतरते.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर, रबरी होज आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या नव्याच घालाव्यात. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना तापून त्यात वाफ धरली तर पेडल खाली बसते. त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि उघड्या डब्यातले उरलेले पुन्हा वापरू नये.

इंजिनाचे काम त्यामानाने सरळ आहे. गाडी आधी कितीही चालली असो, टायमिंग बेल्ट, रेडिएटरचे होज आणि थर्मोस्टॅट बदलावेत; हेड अॅल्युमिनियमचे असल्याने एकदा जास्त तापले तरी वाकू शकते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीतले पेट्रोलचे रबरी पाइप, डायफ्राम आणि गॅस्केट इथेनॉल सहन करणारे घालावेत.

सुधारणांमध्ये सर्वांत मोठा फरक सर्वांत स्वस्त वस्तू करते, ती म्हणजे हेडलाइटचा रिले, म्हणजे थोड्याशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. दोन दिव्यांचा मिळून सुमारे दहा अँपिअरचा प्रवाह जुन्या स्विचमधून आणि खारवलेल्या जोडांतून जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि दिव्याच्या खोबणीत १२ पेक्षा कमी भरले, तर उरलेला दाब वायरीतच जिरतो आहे असे समजावे. फ्यूजसह रिले बसवून बॅटरीवरून थेट जाड वायर नेली आणि अर्थिंगचे जोड घासून ग्रीस लावले, की मूळच्या ६०/५५ वॅटच्या बल्बनेच रस्ता उजळतो. १०० वॅटचे बल्ब वायरी जाळतात आणि समोरच्याचे डोळे दिपवतात. डिकीच्या बिजागरीपाशी वाकून तुटलेल्या वायरीही याच वेळी पाहून घ्याव्यात.

टायरबाबत हौस आवरती घ्यावी. मारुती ८०० च्या १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर भरतो, तर १५५/६५ आर १३ चा ५३२, म्हणजे जवळपास पावणेपाच टक्के जास्त. मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ च्या आसपास धावते, आणि इवल्या इंजिनाला घाट चढताना ते जड जाते. इंजिन बदलणे, छप्पर कापणे असे मूळ रचनेतले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परस्पर करता येत नाहीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, हे खर्चाला हात घालण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

पहिल्या पावसाआधी गाडीवर पाइपने पाणी सोडून पाणी कुठून झिरपते ते पाहायला आत एक माणूस विजेरी घेऊन बसवावा. पावसाळ्यात गाडीला प्लास्टिक गुंडाळू नये, पडवीत उभी करून काच बोटभर खाली ठेवावी, टाकी भरलेली ठेवावी, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकांना दगडाचा अडसर लावावा आणि आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवून आणावी. नवरात्राच्या सुमारास पहिला कोरडा आठवडा मिळाला की गालिचे उचलून तोच स्क्रूड्रायव्हर आणि तीच हातोडी पुन्हा हातात घ्यावी.