बायोकेमिस्ट्रीला आलात? मग या चुका टाळा

"नीट थोडक्यात हुकली, केमिस्ट्रीची भीती वाटते, म्हणून बायोकेम घेतलं." सांगलीत बीएस्सीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला हे वाक्य मी दरवर्षी ऐकते, आणि दरवर्षी जीव तुटतो. नावात 'बायो' आधी आलं तरी विषय केमिस्ट्रीचाच आहे. उद्या पुढच्या शिक्षणासाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यायचं ठरवलं तर लाइफ सायन्सेसच्या पेपरात केमिस्ट्रीचा विभाग सक्तीचाच असतो. पहिल्याच सेमिस्टरला मोल, लॉग आणि पीकेए (आम्ल आपला प्रोटॉन किती सहज सोडतं ते सांगणारा आकडा) यांना भिडा.

तेही घरच्या हळदीपासून सुरू करता येतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती आपल्या सगळ्यांच्या डब्यात असते. हळदीच्या डागावर साबण लावला की डाग लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याचा, कर्क्युमिनचा, प्रोटॉन सुटतो, आम्लात परत येऊन बसतो. हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण म्हणजे याच ये-जा करण्याचा हिशोब. हे डोळ्यांसमोर असलं की ॲसिटेटने पीएच ८ चा बफर, म्हणजे पीएच फारसं हलू न देणारं द्रावण, करायला कुणी जाणार नाही. ॲसिटेटचा पीकेए ४.७६, बफर पीकेएच्या साधारण एक पीएच वर-खालीच तग धरतो.

रीडिंग जुळवू नका

यावर मला जरा जास्त बोलायचंय. डीएनएस पद्धतीने द्राक्षाच्या रसातली साखर मोजायची असते. डीएनएस हे रसायन ग्लुकोजसारख्या रिड्युसिंग साखरेबरोबर उकळलं की लालसर होतं, आणि त्या रंगाच्या गडदपणावरून साखर कळते. तासगावची द्राक्षं, ताजा रस, सगळा उत्साह. मुलं रस गाळतात आणि तसाच टेस्ट ट्यूबमध्ये घालतात. पाच मिनिटं उकळल्यावर ट्यूब काळपट लाल होते, ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात घेतलेलं रंगाचं रीडिंग स्टँडर्ड ग्राफच्या (माहीत असलेल्या साखरेवरून काढलेल्या ग्राफच्या) पार बाहेर जातं. मग त्या उकळलेल्या रंगातच पाणी ओतून तो पातळ करतात. इथे प्रयोग संपला! साखरेने डीएनएस आधीच संपवलेलं असतं, आता कितीही पाणी ओतलं तरी खरी साखर कळणार नाही.

पातळ करायचा तो रस, आणि तोही आधी. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात एका मिलीलिटरला दीड-दोनशे मिलिग्रॅम साखर सहज असते, आणि आपला ग्राफ जेमतेम एक मिलिग्रॅमपर्यंत जातो. १ मिली रस ५० मिलीपर्यंत न्या, त्यातला १ मिली पुन्हा १० मिलीपर्यंत. झाला पाचशे पट. ग्राफवरून ०.४ मिलिग्रॅम आलं तर ते पाचशेने गुणा: २०० मिलिग्रॅम प्रति मिली, म्हणजे २० टक्के. हा गुणाकार विसरलेली किती तरी जर्नल्स मी पाहिली आहेत. त्यात साखर ०.०४ टक्के लिहिलेली असते आणि खाली 'द्राक्षात साखर भरपूर आढळली' हा निष्कर्ष. उत्तर लिहिण्याआधी ते जिभेला विचारा. इतक्या कमी साखरेचं द्राक्ष गोड लागेल का?

उसाच्या रसाची गंमत उलटी. एवढा गोड रस, तरी रंग अपेक्षेपेक्षा फिका, कारण त्यातली बहुतेक साखर सुक्रोज, आणि सुक्रोज रिड्युसिंग नाही, म्हणजे डीएनएसशी रंग देत नाही. एकूण साखर हवी असेल तर आधी आम्लात तापवून ते फोडा, आणि डीएनएस घालण्यापूर्वी न्यूट्रल करायला विसरू नका. डीएनएसला अल्कली लागते.

रीडिंग चुकलं की सिनियरच्या जर्नलमधून आकडे उतरवायचे, ही सवय फार वाईट. मीही शिकताना एकदा केलं होतं. सही मिळाली, पण प्रथिनं मोजायच्या लॉरीच्या प्रयोगात माझा रंग का येत नव्हता हे मला दोन वर्षांनी कळलं. मी सगळ्या ट्यूबमध्ये रंग आणणारं फोलिन हे रसायन घालून मग हलवत होते. अल्कलीत फोलिन फार थोडा वेळ टिकतं, म्हणून एका ट्यूबमध्ये घातलं की ती लगेच हलवायची, मग पुढची. चुकलेलं रीडिंग तसंच लिहा, शेजारी कारण लिहा.

पायऱ्या पाठ, पण प्रश्न नाही

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या, दहा पायऱ्या घोकण्याआधी या तीन एन्झाइम्सच्या पायऱ्या धरा: हेक्सोकायनेज, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, पायरुव्हेट कायनेज. तिथून मागे वळता येत नाही, म्हणून नियंत्रणही तिथेच. बाकीच्या मग आपोआप जागेवर बसतात.

शिवाजी विद्यापीठासारख्या मोठ्या विद्यापीठात पेपर तपासणारे तुम्हाला ओळखत नसतात. 'मला येत होतं' हे त्यांना कागदावरूनच कळणार, तेव्हा ग्राफच्या दोन्ही अक्षांवर एककं लिहा. परीक्षा फॉर्मची तारीख स्वतः बघा, मित्राच्या भरवशावर राहू नका.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी उत्तर घोकण्याआधी ते घरी मराठीत कुणाला तरी सांगून बघावं. मिरजेच्या लॅबमध्ये शुगरच्या तपासणीसाठी रक्त करड्या टोपणाच्या बाटलीत घेतात, ते का? लाल पेशी बाटलीतही ग्लुकोज खात राहतात. बाटलीतलं फ्लोराइड त्यांचं एनोलेज, म्हणजे ग्लायकोलिसिसमधलंच एक एन्झाइम, अडवतं. गेल्या वर्षी एकीने हे आईला भाकऱ्या थापताना सांगितलं. आईने विचारलं, "मग साध्या बाटलीत रक्त दुपारपर्यंत तसंच राहिलं तर शुगर कमी दाखवेल का गं?" दुसऱ्या दिवशी ती तो प्रश्न घेऊन धावतच लॅबमध्ये आली.