गाडीतला व्हॉइस असिस्टंट बनवताय? आधी त्याला गप्प बसायला शिकवा

हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, म्हणजे झालं सेफ, असं धरून चालू नका, कारण डोकं कुठंय हे कोणी बघतच नाही. अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांच्या टीमने २०१५ मध्ये गाड्यांमधल्या व्हॉइस सिस्टिम तपासल्या, तर काहींमध्ये कमांड देऊन झाल्यावरही २७ सेकंदांपर्यंत ड्रायव्हरचं लक्ष पूर्ण परत आलेलं नसायचं. ताशी ६० ने जात असाल तर तेवढ्यात साडेचारशे मीटर मागे पडतात!

परवा बहीण गाडी चालवत होती, मी शेजारी. ती म्हणाली "वडगावला जायचंय", तर स्क्रीनवर वडगावांची ही लांबलचक यादी आली आणि वरून आवाज, "एक निवडा". शेरी, बुद्रुक, मावळ, पुण्याजवळच किती वडगाव आहेत, ती वाचायला वाकली आणि पुढच्या रिक्षाने कचकन ब्रेक मारला. थोडक्यात वाचलो. म्हणून यादी दाखवूच नका, तोंडी विचारा, "वडगाव शेरी की वडगाव बुद्रुक?", दोनच पर्याय, आणि ती नेहमी जाते तो आधी.

दुसरं, ड्रायव्हरच्या उत्तराची वाट बघणाऱ्या टायमरची घाई नको. समोर स्पीडब्रेकर आला, बस आडवी घुसली की माणूस वाक्य अर्धंच सोडतो, आणि ते बरोबरच करतो, तेव्हा "मला समजलं नाही" म्हणून त्याच्या मागे लागू नका, अर्धं वाक्य लक्षात ठेवा आणि तो परत बोलेल तेव्हा तिथूनच पुढे चला. जोरात ब्रेक लागला किंवा स्टिअरिंग जास्त वळलं की असिस्टंटने बोलणं मध्येच तोडायचं. ड्रायव्हर मध्ये बोलला तरी तेच.

"नक्की ना?" हे मेसेज पाठवताना, फोन लावताना विचारा. एसी कमी करायला कशाला? चुकलं तर "नको, परत कर" एवढ्यावर उलटवता आलं पाहिजे. एसी, काचा, वायपर या कमांड नेटशिवाय चालल्याच पाहिजेत, बोगद्यात रेंज जाते.

टेस्टिंग ऑफिसच्या शांत खोलीत करून भागत नाही, काचा खाली, हॉर्न, पाऊस, मागे भांडणारी पोरं असे आवाज लावून आधी सिम्युलेटरवर करा. आयएसओ १७४८८ या आंतरराष्ट्रीय मानकात (स्टँडर्डमध्ये) ड्रायव्हरचं लक्ष मोजायची एक साधी टेस्ट आहे, दर तीन ते पाच सेकंदांनी छोटा दिवा लागतो किंवा अंगाला व्हायब्रेशन जाणवतं, आणि ड्रायव्हरने बोटावरचं बटण दाबायचं. असिस्टंटशी बोलताना ते बटण उशिरा दाबलं जायला लागलं, किंवा दाबायचंच राहिलं, की तो संवाद छाटा आणि परत टेस्ट करा.