ॲल्युमिनियमच्या भंगारावरचा रंग कसा काढावा, आणि कधी काढू नये

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. घर दुरुस्तीला काढून चार खिडक्या निघाल्या असतील, तर रंगाच्या मागे लागूच नका. स्क्रू, रोलर, लॉक, रबर, ब्रश, सिलिकॉन काढा आणि सेक्शन, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या-नळ्या, तसेच भंगारअड्ड्यावर द्या. भावातला मोठा फरक या सफाईनेच पडतो. मोठ्या वितळवणाऱ्या कारखान्यांत रंग जाळायची आणि त्याचा धूर पुन्हा जाळून टाकायची वेगळी भट्टी असते, ते काम त्यांना करू द्या. स्वतःची छोटी ओतीव भट्टी असेल, किंवा माल बराच असून अड्डेवाला रंगीत आणि साफ सेक्शनला वेगळा भाव देत असेल, तरच पुढचं वाचा. तो भाव आधी विचारून घ्या. रिमूव्हरचा, म्हणजे रंग सोडवणाऱ्या रसायनाचा, खर्च त्यातून निघायला हवा.

चुंबक फिरवून लोखंड काढा. स्टेनलेसचे बरेच स्क्रू चुंबकाला चिकटत नाहीत, ते डोळ्यांनी शोधावे लागतात. कोपऱ्यातले जोड बरेचदा जस्ताचे ओतीव असतात, तेही वेगळे करा. मग सेक्शन हातभर लांबीचे कापा.

आता कशावरून रंग काढायचा नाही ते. चंदेरी किंवा तपकिरी ॲनोडाइज्ड सेक्शनवर रंगाचा थर नसतोच, धातूचाच ऑक्साइड असतो. तो भट्टीत मळीबरोबर, म्हणजे वितळलेल्या धातूवर तरंगणाऱ्या घाणीबरोबर, वर येतो. खिळ्याने ओरखडा. सालपटासारखं काही निघालं तर पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी फवारून भाजून बसवलेला रंग, नाही निघालं तर ॲनोडाइज्ड. लाकडी नक्षीचे सेक्शन हे खाली पावडर कोटिंगच असतं. नॉनस्टिक तवे तापवू नका, त्यांचा धूर विषारी असतो. दुकानांच्या पाट्यांचे एसीपी पत्रे म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन्ही अंगांना कागदासारखं ॲल्युमिनियम, त्यांच्या नादी लागू नका. बीअरच्या कॅनवरचा रंग काढायच्या भानगडीत तर पडूच नका. साधारण 70 कॅन मिळून 1 किलो होतं, त्यात आतूनही लाखेचा थर. किनाऱ्यावरून गोळा केलेल्या कॅनमधली वाळू आणि खारं पाणी तेवढं काढा, की झालं.

राहिलं पावडर कोटिंग. इथं तुम्हाला दोन सल्ले हमखास मिळतील, आणि दोन्ही वाईट आहेत.

पहिला, कॉस्टिक सोड्यात बुडवा. कॉस्टिक रंगापेक्षा ॲल्युमिनियम लवकर खातं. जिथे ओरखडा किंवा कापलेली कड असेल तिथून धातू विरघळतो, पाणी तापतं आणि हायड्रोजन सुटतो. जो माल विकायचा त्याचंच वजन घटवणारी ही युक्ती कोण शोधून काढतं, मला माहीत नाही.

दुसरा, माडाखाली टाकून जाळा. रंगाचा कोळसा पृष्ठभागावर चिकटून राहतो, पातळ भाग ऑक्साइड होऊन मळीत जातो, आणि पीव्हीसीचं गॅस्केट (काचेच्या कडेची पट्टी) राहिलं असेल तर धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. शिवाय उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच बंदी घातली आहे, साध्या प्रकरणातही 5,000 रुपये दंड. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून घासणं हा तिसरा मूर्खपणा. रंग वितळून ब्रश भरतो आणि ॲल्युमिनियमची उडणारी बारीक भुकटी पेट घेते.

म्हणून रिमूव्हर. माझा जीव सगळ्यात जास्त इथंच मेटाकुटीला यायचा, आणि कारण बाटलीवर लिहिलेलं नसतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या जोरदार रिमूव्हरमध्ये बहुधा मिथिलिन क्लोराईड असतं, आणि ते 40 अंशांना उकळतं. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तापलेला सेक्शन त्याहून गरम असतो. लावलेला जेल रंगात शिरण्याआधीच उडून जातो, आणि माणूस म्हणतो, माल भेसळीचा. माल ठीक असतो, वेळ चुकलेली असते. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी ऊन चढण्याआधी, सावलीत काम करा.

पावडर कोटिंग विरघळत नाही, फुगतं. आत शिरायला वाट नसेल तर रिमूव्हर वरच बसून राहतो. म्हणून जाड सॅंडपेपरने किंवा करवतीच्या पात्याने आडव्या-उभ्या रेघा मारा, धातू दिसेपर्यंत. मग जाड थर एकाच दिशेने लावा. ब्रश मागे-पुढे फिरवू नका. जेलमधल्या मेणाची वर पातळ झाक धरते, तीच उडणं रोखते, आणि घासलं की ती फाटते. वरून पॉलिथिन झाका आणि अर्धा तास हात लावू नका. दर पाच मिनिटांनी खरवडून बघणाऱ्याचा रंग कधीच नीट सुटत नाही. दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला की समजा सुटला. सुरकुतला नाही तर खरवडू नका, दुसरा हात द्या.

खरवडायला प्लॅस्टिकचं पातं घ्या, असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. तो सल्ला खिडकी पुन्हा बसवणाऱ्यांसाठी. भंगाराला ओरखडा पडला म्हणून काय बिघडतं? जुनं हॅकसॉचं पातं घ्या. गॅस्केटच्या खाचेत रंग अडकतो, तिथे स्क्रूड्रायव्हर चालवा. चार ठिपके राहिले तर राहू द्या. पोकळ सेक्शनच्या आत तसाही फारसा रंग नसतो.

हे मात्र ऐका. मिथिलिन क्लोराईडची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत, न्हाणीघरात किंवा टाकीत वाकून हे काम केलेली माणसं मेली आहेत. अमेरिकेने 2019 मध्ये रंग काढण्याच्या घरगुती वापरासाठी त्याची विक्री बंद केली. साधा मास्क कुचकामी, आणि साधे रबरी हातमोजे काही मिनिटांत भेदले जातात. अनेक थरांच्या प्लॅस्टिकचे, म्हणजे लॅमिनेटचे हातमोजे घ्या, चष्मा लावा, उघड्या अंगणातच बसा. घरात लहान मुलं असतील तर मी सरळ बेंझिल अल्कोहोलवाला रिमूव्हर घ्या म्हणेन. महाग आहे, रात्रभर ठेवावा लागतो, पण वाफेचा धोका फार कमी.

सुटलेला लगदा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा. ओहोळात नाही, विहिरीजवळ तर मुळीच नाही. रंगाच्या डब्यांसारखा घातक कचरा म्हणून वेगळाच द्या.

धुवा, कोरडे करा. पावसाळ्यात तर पुन्हा पुन्हा बघा. 660 अंशांच्या वर वितळलेल्या धातूत पाणी अडकलेली नळी गेली, तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन धातू अंगावर उडतो. दोन्ही टोकं उघडी ठेवून नळ्या उभ्या करा, आणि अड्ड्यावर नेताना सेक्शन, पत्रा आणि ओतीव माल तीन वेगळ्या गोणींत भरून वेगवेगळा तोलून घ्या.