गेटचा स्कोअर काढताना या चुका टाळा

गेट म्हणजे इंजिनिअरिंग वगैरे शाखांच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तिची आन्सर की, म्हणजे बरोबर उत्तरांची यादी, लागली की तासाभरात प्रत्येकाला स्वतःचा स्कोअर हवा असतो. मग कुठल्यातरी ‘स्कोअर प्रेडिक्टर’मध्ये आकडे कोंबायचे आणि निकालाच्या दिवशी कपाळाला हात लावायचा. गेटचा हिशोब अवघड नाही, घाई नडते.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे १०० पैकी ५५ गुण मिळाले, तर १००० पैकी ५५० स्कोअर धरायचा. गुण आणि स्कोअर ही दोन वेगळी मापं आहेत. सूत्र असं:

स्कोअर = ३५० + ५५० × (तुमचे गुण − कटऑफ) ÷ (टॉपर सरासरी − कटऑफ)

यातला कटऑफ, म्हणजे पात्र ठरायला लागणारे किमान गुण, खुल्या प्रवर्गाचा. तो २५ किंवा त्या पेपरची सरासरी अधिक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), यातला जो मोठा तो. टॉपर सरासरी म्हणजे वरच्या ०.१ टक्के किंवा पहिल्या १० उमेदवारांची, यातली जी संख्या मोठी तिची.

समजा कटऑफ ३० आणि टॉपर सरासरी ८० आहे. ५५ गुणांना २५ भागिले ५०, म्हणजे निम्मे. ५५० चे निम्मे २७५, म्हणून स्कोअर ६२५. दुसऱ्या पेपरला कटऑफ २५ आणि टॉपर सरासरी ६५ असेल, तर ४९ गुणांनाही ६८० येतो. तेव्हा मित्राच्या शाखेचे किंवा गेल्या वर्षीचे गुण शेजारी ठेवून रडू नका, हरखूही नका.

याच सूत्रातून दुसरा घोळ होतो, आणि तो जास्त महागात पडतो. वरच्याच पहिल्या पेपरला अनुसूचित जातीच्या उमेदवाराचा कटऑफ खुल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २० येईल. त्याला २२ गुण मिळाले तर तो पात्र. पण सूत्रात ३० च जातात, वजाबाकी उणे ८ येते आणि स्कोअर निघतो २६२. ‘३५० च्या खाली म्हणजे नापास’ हे कुठेतरी ऐकलेलं असतं, मग पोरगं स्कोअरकार्ड बाजूला टाकतं आणि प्रवेशाचा अर्जच भरत नाही. आधी आपल्या प्रवर्गाचा कटऑफ आणि आपले गुण बघा, स्कोअर नंतर.

पेपर एकाहून जास्त सत्रांत झाला असेल तर कच्चे गुण सूत्रात टाकूच नका, आधी नॉर्मलायझेशन होतं, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एका मापात आणले जातात. आपल्या सत्राची सरासरी अधिक विचलन आणि टॉपर सरासरी ही जोडी सगळ्या सत्रांच्या जोडीवर बसवली जाते. एकूण जोडी ३० आणि ८० असताना कठीण सत्राची २८ आणि ७६ असेल, तर तिथले ५२ गुण ५५ होतात. सोप्या सत्राची ३२ आणि ८२ असेल, तर तेच ५२ गुण ५० वर येतात. लगेच ‘माझे २ गुण कापले’ म्हणून ओरड सुरू. कापले नाहीत, पेपर सोपा होता. हे चारही आकडे निकालाआधी कोणाकडे नसतात, प्रेडिक्टरवाल्याकडेही नाहीत.

कच्चे गुण तरी नीट मोजा. एक गुणाच्या चुकलेल्या एमसीक्यूला (एकच पर्याय बरोबर असलेला प्रश्न) एक तृतीयांश वजा, दोन गुणांच्या चुकलेल्याला दोन तृतीयांश. एमएसक्यू (एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात) आणि एनएटी (उत्तराचा आकडा टाइप करायचा) यांना उणे गुण नाहीत, पण एमएसक्यूत तीनपैकी दोनच बरोबर पर्याय निवडले तर शून्य. अर्धे गुण स्वतःला वाटून घेऊ नका. रिस्पॉन्स शीट, म्हणजे तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद, समोर घ्या, कागदावर तीन रकाने पाडा आणि हातानेच करा. वीस मिनिटं लागतात. तात्पुरत्या कीवर केलेली बेरीज अंतिम की आली की पुन्हा करायची.

उत्तर देऊन रिव्ह्यूला (पुन्हा बघायला म्हणून) लावलेला प्रश्न तपासला जातो. मोजताना तो सोडू नका.

स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो, दरवर्षी नव्याने मोजला जात नाही.

कॅट, म्हणजे मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांनी हे सूत्र तिकडे नेऊ नये. तिथे तीन विभागांच्या पर्सेंटाइलची (किती टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत तो आकडा) सरासरी म्हणजेही एकूण पर्सेंटाइल नव्हे. तो एकूण स्केल्ड स्कोअरवरून (सत्रांमधला फरक काढून एका मापात आणलेले गुण) स्वतंत्र निघतो.