खोपे मोजताना: सुगरणीच्या वसाहतीची नोंदवही

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला चाळीस खोपे लोंबताना दिसले की वहीत ‘चाळीस जोड्या’ असं लिहून टाकलं जातं. ही नोंद बहुधा चुकीची असते. सुगरणीचा नर एका हंगामात एकामागून एक खोपे विणतो. मादीने पसंत केलेला पुरा करतो आणि पुढच्याला लागतो. नापसंत झालेला अर्धवट टाकून देतो. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला वसाहतीचं निरीक्षण केलं, तेव्हा ही रीत उलगडली. म्हणून नुसती संख्या लिहून भागत नाही. प्रत्येक खोप्याची अवस्था आठवड्यागणिक टिपावी लागते.

काम पावसाआधीच सुरू करा. मेअखेरीस झाडाचं ढोबळ चित्र काढून घ्या आणि गेल्या वर्षीचे काळपट, विसकटलेले खोपे त्यावर फुलीने दाखवा. हे राहिलं, तर जुलैत जुने-नवे एकत्र मोजले जातात. उभं राहायची जागा एकच ठरवा, झाडापासून पंचवीस-तीस पावलांवर. तिथून होकायंत्राने दिशा लिहा: नैऋत्येच्या वाऱ्यापावसापासून आडोसा मिळावा म्हणून खोपे पुष्कळदा झाडाच्या पूर्वेकडच्या फांद्यांना असतात. बिनकठड्याच्या विहिरीजवळ पावसात शेवाळ धरतं, तेव्हा दुर्बीण डोळ्याला लावून चालू नका.

वहीत पेन्सिलनेच लिहा, शाई ओघळते. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी सात ते आठ.

आता अवस्था. आधी फांदीला नुसती गाठ मारलेली दिसते, मग कडं तयार होतं. कड्यावर घुमट चढला की खालून उघडी, मधोमध आडवी पट्टी असलेली टोपी दिसते. इथपर्यंत साधारण आठ दिवस लागतात, पूर्ण खोप्याला अठरा. सगळ्यात जास्त वेळ टोपीपाशीच द्या, कारण मादी याच टप्प्यावर पारखायला येते. नर टोपीला लटकून पंख फडफडवतो, मादी आत शिरून धागे ओढून पाहते. तिने घेतला, तर पुढच्या भेटीत एका बाजूला अंड्यांची खोली फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला खाली नळी उतरलेली सापडते. वहीत गा, क, टो, न अशी अक्षरं पुरेत, पडलेल्याला प.

रंगही लिहाच. ताजं विणकाम हिरवं असतं, पुढे गवती पिवळं पडतं. टोपी हिरवी असेल तर काम चालू आहे. सलग दोन आठवडे टोपीच राहिली आणि वाळून तपकिरी झाली, तर ती नाकारलेली समजा. पिवळा पडलेला नळीवाला खोपा मात्र सोडलेला समजू नका. आत पिल्लं असू शकतात. नेमकी हीच चूक सर्वांत जास्त होते.

मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते, एकटीच चौदा ते सतरा दिवस उबवते, आणि पिल्लं आणखी साधारण सतरा दिवसांनी बाहेर पडतात. म्हणजे नळी झाल्यावर त्याच खोप्यावर निदान पाच भेटी व्हायला हव्यात. चोचीत किडे घेऊन मादी वरचेवर आत जाताना दिसली, तरच ‘पिल्लं’ असं लिहा. नर चिखल घेऊन येतो, तो खोप्याच्या आतल्या भिंतीला थापायला. त्याला चारा समजू नका.

नोंद अशी असावी: ‘१४ जुलै, ७.०० ते ८.००, रिमझिम. खोपा ६: टो, हिरवा. मादी दोनदा आत, दुसऱ्यांदा अर्धा मिनिट. खोपा ९: न, पिवळा, मादी तीनदा किडे घेऊन. खोपा ११: प, रात्री वारा.’ ‘सुरेख’, ‘कुशल कारागीर’ असले शब्द वहीत नकोत. त्यांतून पुढे काहीच मोजता येत नाही.

नाव स्त्रीलिंगी असलं तरी विणणारा नर, हे लक्षात असू द्या. विणीच्या हंगामात त्याचा माथा पिवळाधम्मक, गाल काळपट असतात. मादी चिमणीसारखी. हंगाम सरला की नराचाही पिवळा रंग जातो, म्हणून ऑक्टोबरात नर-माद्यांची वेगवेगळी गणती करू नका.

खोप्यात बोट घालणं, फांदी वाकवणं, मोबाइलची काठी नळीला लावणं सक्त टाळा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना त्रास देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. शोभेसाठी रिकामे खोपेही कापून नेऊ नका. त्यांत पुढे मुनिया राहतात, आणि पुढच्या मे महिन्यात फुल्या मारायला ते जागेवर असावे लागतात.