कंपनीत पैसे टाकायच्या आधी अॅन्युअल रिपोर्ट मागच्या पानांकडून वाचा

घोडबंदर रोड असो की नेरूळ, सोसायटीच्या ग्रुपवर एकजण तरी असतोच जो सांगतो की अमुक कंपनी एकदम सॉलिड, डोळे झाकून घ्या. डोळे उघडे ठेवून कसं घ्यायचं ते सांगतो, त्यासाठी सीए असायची गरज नाही, रविवारची एक सकाळ पुरते.

बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर कंपनीचं नाव टाका, अॅन्युअल रिपोर्ट फुकट मिळतो. चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो, वृक्षारोपण वगैरे सगळं सोडा आणि थेट ऑडिटरच्या, म्हणजे हिशोब तपासणाऱ्याच्या रिपोर्टवर जा. 'क्वालिफाइड ओपिनियन' दिसलं की समजायचं ऑडिटरला काहीतरी पटलेलं नाही, आणि ऑडिटरच मुदतीआधी राजीनामा देऊन गेला असेल तर मी तरी पुढचं पान उलटत नाही. पण क्लीन रिपोर्ट आहे म्हणून निवांत पण होऊ नका, खोटे हिशोब दाखवणाऱ्या सत्यम या आयटी कंपनीच्या हिशोबांवर प्राइस वॉटरहाउस या नावाजलेल्या ऑडिटरची सही होती.

आता मेन गोष्ट, कॅश फ्लो, म्हणजे खरोखर आत आलेले आणि बाहेर गेलेले पैसे. नफा कागदावर दाखवता येतो, पैसे आलेच नाहीत तर ते लपवणं अवघड. समजा नफा 100 कोटी आणि 'ऑपरेटिंग अॅक्टिव्हिटीज'मधून म्हणजे रोजच्या धंद्यातून आलेली कॅश 12 कोटी, तर बाकीचे कुठे अडकले ते शोधायचं, बहुतेक वेळा येणे रकमेत म्हणजे डेटर्समध्ये सापडतात. एखाद वर्षी असं होतं, तीन-चार वर्षं सलग होत असेल तर विक्रीच खरी आहे का ही शंका घ्या. दुसरं, खात्यात ढीगभर कॅश दाखवलीय आणि तरी कर्ज काढतायत, किंवा त्या कॅशवर मिळालेलं व्याज आपल्या सेव्हिंग खात्यापेक्षा कमी, तर कॅल्क्युलेटर काढा. सत्यमच्या पुस्तकात 5,361 कोटी कॅश होती, त्यातले 5,040 कोटी नव्हतेच, हे 7 जानेवारी 2009 च्या पत्रात चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतः लिहून दिलं. अर्थात तिथे व्याजही खोटंच दाखवलं होतं, 376 कोटी, त्यामुळे हा उपाय रामबाण नाही.

मग हिशोबांच्या नोट्समधलं 'रिलेटेड पार्टी'चं, म्हणजे कंपनीच्या जवळच्या माणसांशी झालेल्या व्यवहारांचं पान. प्रमोटरच्या (कंपनी ज्याच्या ताब्यात असते त्याच्या) बायकोची, मेव्हण्याची कंपनी, तिला दिलेलं कर्ज, तिच्याकडून घेतलेली जागा, सगळं बारीक अक्षरात इथे असतं. सत्यमने डिसेंबर 2008 मध्ये राजू कुटुंबाच्याच मायटास कंपन्या विकत घ्यायचा घाट घातला होता, शेअरहोल्डर भडकले म्हणून मागे घेतला. प्रमोटरचे किती शेअर गहाण आहेत ते शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये (कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात) दर तिमाहीला बघा. कर्ज फेडायची ऐपत सांगणाऱ्या रेटिंगवर फार विसंबू नका, आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसे पुरवणारी कंपनी 2018 मध्ये बुडायच्या थोडंच आधी ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरच्या रेटिंगची होती.

राजकारण्यांचं काय? कंपनीने पक्षाला दिलेली देणगी नफा-तोट्याच्या पत्रकात दाखवावी लागते. आधी सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती 2017 ला काढली, 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने इलेक्टोरल बॉन्ड (पक्षांना नाव न सांगता देणगी द्यायचे रोखे) आणि ती सूट दोन्ही रद्द केलं. बॉन्ड कोणी घेतले नि कोणत्या पक्षाने वटवले याच्या याद्या निवडणूक आयोगाच्या साइटवर आहेत, बॉन्डचे नंबर जुळवत बसा. नफा चिमूटभर आणि देणगी मूठभर दिसली की तारखा बघायच्या, धाड कधी पडली, टेंडर कधी मिळालं. फक्त तारखा जुळल्या म्हणजे लाच सिद्ध झाली असं ग्रुपवर टाकू नका, पैसे टाकायचे की नाही एवढं ठरवायला मात्र ते पुरेसं आहे.

आणि हे सगळं करूनही फसवणूक होऊ शकते. पीएमसी या सहकारी बँकेने एचडीआयएल या बिल्डर कंपनीची कर्जं हजारो बनावट खात्यांमागे लपवली होती, रिपोर्ट वाचून कोणाला काय कळणार होतं? सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला 1,000 रुपयेच काढता येत होते. म्हणून एका बँकेत ठेवींवरच्या विम्याच्या 5 लाखांच्या वर ठेवायचं की नाही, विचार करा.

पैसे आधीच अडकले असतील तर लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीसाठी बाजाराच्या नियामकाचं, म्हणजे सेबीचं स्कोअर्स हे तक्रारीचं पोर्टल. ठेवी घेऊन पळालेल्यांसाठी ठाणे किंवा नवी मुंबई पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, तिथे 1999 च्या एमपीआयडी (महाराष्ट्रातल्या ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या) कायद्याचं नाव घ्या, त्यात मालमत्ता जप्त करता येते. जाताना पावत्या, चेकचे झेरॉक्स आणि बँक स्टेटमेंट तारखेप्रमाणे लावून न्या.